घरातले सोपे बदल, कमी कचरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सात-आठ वर्षं पुण्यात आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करण्याचं काम मी बघते. त्यामुळे शेजारणी, भिशीतल्या मैत्रिणी, भाचरं असे सगळे अधूनमधून फोन करून विचारत असतात, "अमुक ऐवजी काय वापरू?" प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. करून बघितलेलं तेवढंच लिहिलं आहे, आणि जे जमलं नाही तेही लिहिलं आहे.

सुरुवात करायची आहे. काय काय विकत आणू?

काहीही आणू नका. हे मी अगदी मनापासून सांगते, कारण उत्साहाच्या भरात बांबूचे चमचे, काचेच्या बरण्या, छापील घोषणेच्या पिशव्या असं पार्सल मागवून सुरुवात करणारी बरीच मंडळी मी पाहिली आहेत. ते पार्सलच खोका, बबल रॅप आणि चिकटपट्टी घेऊन घरात येतं.

त्याऐवजी आठवडाभर आपली कचऱ्याची बादली बघा. कुठली वस्तू रोज त्यात पडते? कुणाकडे दुधाच्या पिशव्या असतात, कुणाकडे बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे, कुणाकडे डायपर. रोज पडणाऱ्या वस्तूपासून सुरुवात केली की फरक लगेच दिसतो. वर्षातून चारदा लागणाऱ्या स्ट्रॉवर डोकं खपवण्यात अर्थ नाही.

घरातले प्लॅस्टिकचे डबे टाकून स्टीलचे घ्यावेत का?

टाकू नका. जो डबा तयार झालेला आहे, तो जितकी वर्षं वापराल तितकं चांगलं. डाळी, रवा, पोहे, साबुदाणा अशा कोरड्या वस्तू त्यात आणखी दहा वर्षं राहतील. गरम आमटी, लोणचं किंवा तेलकट पदार्थ मात्र त्यात ठेवू नका आणि मायक्रोवेव्हमध्ये तर तो डबा अजिबात घालू नका. त्या कामाला स्टील, काच, चिनीमाती. डबा फुटला की मग त्याच्या जागी स्टीलचा घ्या. बदल असा हळूहळू झाला की पैशाचाही ताण येत नाही.

कापडी पिशवी घरात आहे, पण नेमकी बाजारात गेल्यावर आठवते. काय करावं?

ही अडचण आठवणीची नाही, जागेची आहे. पिशव्या कपाटात घडी घालून ठेवल्या की त्या कपाटातच राहतात. आमच्याकडे भाजी ओट्यावर रिकामी झाली की पिशवी लगेच दाराच्या कडीला जाते. दोन स्कूटरच्या डिकीत आणि एक पातळ, मुठीत मावेल अशी पर्समध्ये कायम असते.

पिशव्या जुन्या साडीच्याच शिवा. एका सुती साडीत मोठ्या दहा-बारा सहज निघतात. शिंप्याला एकच सांगायचं, की बंद नुसता वरच्या काठाला न जोडता तळापर्यंत खाली नेऊन शिवा. नाहीतर कांदे-बटाट्याच्या वजनानं तो पहिल्याच महिन्यात उसवतो. उरलेल्या पातळ कापडाच्या लहान पिशव्या करा आणि त्यात पालेभाजी ठेवा. किंचित ओलसर मलमलच्या पिशवीत कोथिंबीर फ्रिजमध्ये आठवडाभर टवटवीत राहते.

नवी सुती पिशवी विकत घेणं तितकंसं बरं नाही. कापसाला पाणी, खत, फवारणी लागते, सूत रंगवायला आणखी पाणी जातं. अशी पिशवी शेकडो वेळा वापरली तरच तिचा खर्च भरून निघतो. समारंभात फुकट मिळालेल्या वीस पिशव्या कपाटात पडून असतील, तर त्याचा पर्यावरणाला काही उपयोग नाही.

पण प्लॅस्टिकवर तर बंदी आहे ना? मग पिशव्या मिळतात कशा?

महाराष्ट्रात बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ला निघाली. देशपातळीवर १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल अशा एकदाच वापरून फेकण्याच्या वस्तूंवर बंदी आली. देशाच्या नियमात पिशवी किमान १२० मायक्रॉन जाडीची हवी. भाजीवाल्याकडची चुरगळून मुठीत मावणारी पिशवी त्याच्या जवळपासही नसते. तरी ती मिळते, कारण आपण मागतो. हातगाडीवाल्या मावशींना दंडाची भीती असते आणि गिऱ्हाईक जाण्याचीही. आपण पिशवी पुढे केली की त्यांची दोन्हीतून सुटका होते.

दुधाच्या पिशव्यांना पर्याय काय?

घरपोच सुटं दूध देणारे गवळी अजून असतील तर उत्तमच. नसतील तर पिशवी नीट परत पाठवणं आपल्या हातात आहे. ती चांगल्या प्रतीच्या पॉलिथिनची असते आणि भंगारात तिला भाव मिळतो. अट एकच, ती धुतलेली आणि कोरडी हवी.

आणि कोपरा तोडून टाकू नका. कात्रीनं चीर द्यायची, पण तुकडा पिशवीला चिकटलेला राहू द्यायचा. तो नखाएवढा तुकडा कुणी वेचू शकत नाही, मोरीतून थेट नाल्यात जातो. रिकामी पिशवी थोड्या पाण्यात खळबळायची (ते पाणी कुंडीला) आणि ओट्यामागच्या टाइलवर थापायची. ओली पिशवी आपोआप चिकटते आणि संध्याकाळपर्यंत वाळून गळून पडते. महिन्याभरात जाडजूड गठ्ठा जमतो.

भांडी घासायला काय वापरावं?

साबण बदलण्याआधी घासणी बदला. ती हिरवी खरखरीत घासणी प्लॅस्टिकच्या धाग्यांची असते आणि झिजते म्हणजे ते धागे पाण्यात जातात. तिच्याऐवजी नारळाची शेंडी घ्या किंवा घोसाळ्याची जाळी. खानदेशात ज्याला गिलकं म्हणतात तेच हे घोसाळं. वेलावर एक-दोन फळं तोडायची नाहीत. ती तपकिरी होऊन, हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळेपर्यंत तशीच राहू द्यायची. मग साल हातानं पापुद्र्यासारखी सुटते, बिया झटकून पुढच्या वर्षाला ठेवायच्या आणि जाळीचे तीन तुकडे करायचे. एक तुकडा महिनाभर सहज चालतो, मग खतात. वेल नसेल तर वाळलेली जाळी बाजारात मिळते. तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ.

आता रिठ्याचं. दहा-बारा रिठे रात्री भिजत घालून सकाळी उकळले की त्यातल्या सॅपोनिन या साबणासारख्या घटकामुळे फेस येतो. हे पाणी रेशमी साड्या, लोकरीचे कपडे, चांदीचे दागिने यांना फार छान आहे. तेलकट कढईला मात्र ते पुरत नाही, दोनदा घासावं लागतं. शिवाय ते टिकत नाही, तीन-चार दिवसांत आंबतं.

माझी चूक इथेच झाली होती. मी हौसेनं साबण बंद करून रिठ्याचं पाणी सुरू केलं आणि आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारलंच नाही. आठवड्यानं त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरी मला पंधरा मिनिटं जास्त लागतात, पुढची दोन घरं चुकतात." मला फार वाईट वाटलं. आपल्या चांगल्या कामाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचा नाही, हे तेव्हापासून ठरवलं. आता वडीचा साबण आहे, तो कागदात गुंडाळलेला येतो, आणि शेंडीची घासणी त्यांनीच निवडली आहे.

फिनेलऐवजी बायोएन्झाइम चालतं का?

बायोएन्झाइम म्हणजे फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं द्रावण. फरशी पुसायला आणि मोरीला ते चालतं. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्या-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. बाटली जुनी प्लॅस्टिकची, रुंद तोंडाची घ्या आणि वर मोकळी जागा ठेवा. आत वायू तयार होतो, काचेची बाटली तडकू शकते. पहिला महिना रोज झाकण सैल करायचं, तीन महिन्यांनी गाळायचं.

दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. हे द्रावण आंबट असतं, म्हणजे आम्ल. संगमरवर, शहाबादी फरशी, कडाप्पा हे सगळे चुन्याचे दगड आहेत, आम्लानं त्यांची चकाकी जाते. जुन्या वाड्यात शहाबादी असेल तर साधं पाणीच बरं. आणि घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तर संडास-बाथरूमसाठी भरवशाचं जंतुनाशकच वापरा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून स्वच्छता होते का?

एकत्र केलं की फसफसतं आणि दोघांचाही जोर संपतो, उरतं जवळजवळ साधं पाणी. वेगवेगळे वापरा: चिकट ओट्याला सोडा, नळावरच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगर किंवा पिळून उरलेलं लिंबू.

घरी खत करायला घेतलं, पण वास येतो आणि अळ्या झाल्या. बंद करू का?

बंद करू नका, कोरडं घाला. मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे याच प्रश्नाचे असतात आणि उत्तर जवळजवळ नेहमी हेच असतं.

वास येतो कारण आत हवा जात नाही. भाज्यांच्या देठांत, सालींत भरपूर पाणी असतं. ते खाली साठलं की हवेवर जगणारे जीवाणू मरतात आणि हवेशिवाय जगणारे वाढतात, ते वास करतात. म्हणून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तितकाच कोरडा थर हवा. वाळका पाला सर्वांत चांगला, नसेल तर नारळाचा भुसा, लाकडाचा भुसा, अंड्याच्या ट्रेचे तुकडे. पाला रस्ता झाडणाऱ्या ताईंकडून मागून घ्या, पोतंभर मिळतो, आणि तो जाळला जाण्यापासूनही वाचतो. मूठभर खत मुठीत दाबून बघा. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकलं तर फार ओलं. गोळा झाला आणि टिचकीनं सुटला तर अगदी योग्य.

विरजण म्हणून आंबट ताक, थोडं जुनं खत किंवा शेण, काहीही चालतं. बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं हवीतच. पुण्यात उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत आणि पावसाळ्यात तीन महिन्यांत खत होतं. ओल्या मातीचा, पहिल्या पावसासारखा वास आला की समजायचं, झालं.

अळ्या बहुतेक वेळा एका काळ्या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा भराभर खातात. बघवत नसतील तर वर कोरड्या पाल्याचा जाड थर द्या.

हा खटाटोप का करायचा? ओला कचरा डेपोत ढिगाखाली दबला की तिथेही हवा नसते आणि मिथेन तयार होतो. तो पेट घेतो. मुंबईत देवनारच्या डेपोला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग अनेकांना आठवत असेल. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला, तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. आमच्या चौघांच्या घरात मी महिनाभर रोज वजन केलं, तर ओला कचरा दिवसाला साधारण ७०० ग्रॅम निघाला. वर्षाचे अडीचशे किलो. आमच्या घरचं हे अडीचशे किलो आता कुणाच्याही गावात जात नाही.

पाळीसाठी काय पर्याय आहे? विचारायला संकोच वाटतो.

संकोच करू नका, हा सर्वांत मोठ्या बदलांपैकी एक आहे. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये प्लॅस्टिकचे थर असतात आणि वापरल्यावर त्यांचं काहीच होत नाही. मेन्स्ट्रुअल कप सिलिकॉनचा असतो, नीट सांभाळला तर अनेक वर्षं टिकतो. दर पाळीच्या आधी आणि नंतर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळायचा आणि वापरताना जास्तीत जास्त बारा तासांनी रिकामा करून धुवायचा. पहिल्या दोन-तीन पाळ्या सवय व्हायला जातात, तेवढा वेळ स्वतःला द्या. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कप नको असेल तर कापडाचे शिवलेले पॅड. थंड पाण्यात भिजवायचे, साबणानं धुवायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. खरी अडचण या शेवटच्या पायरीवर येते, कारण कितीतरी घरांत मुलींना ते आडोशाला, ओलसर जागी वाळवावे लागतात आणि त्यातून संसर्ग होतो. घरातल्या दोरीवर इतर कपड्यांसारखी त्यांनाही जागा द्या. आईनं ती दिली की मुलीला वेगळं सांगावं लागत नाही.

नेहमीचे पॅड वापरत असाल तर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं ही खूण रुजवली. त्या ठिपक्यामुळे हातानं कचरा वेगळा करणाऱ्या बाईला न उघडता कळतं.

विजेत काय बदललं तर खरा फरक पडतो?

आधी पंखा. साधा जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर रोज अर्ध्या युनिटहून जास्त बचत, वर्षात ३०० दिवस धरले तर १६० युनिट. तीही एका पंख्यामागे. नवा पंखा घ्यायचाच असेल तेव्हा हाच घ्या. पिवळे बल्ब राहिले असतील तर तेही बदला, ६० वॅटचं काम ९ वॅटचा एलईडी करतो.

मग गीझर. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. अंघोळीला बादली घेतली आणि बटण आठवणीनं बंद केलं तरी पुष्कळ वाचतं. एसी २४ वर ठेवा. एका अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो.

स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून, एकाच कुकरमध्ये वरण, भात आणि वर बटाटे असे डबे लावायची आपल्या आज्यांची पद्धत आजही सर्वांत किफायतशीर आहे.

आरओचं पाणी वाया जातं ते कसं वाचवू?

आधी आरओची गरज आहे का ते बघा. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर सहसा नाही. खडकवासल्याहून येणारं नळाचं पाणी मुळातच कमी क्षारांचं आहे, त्याला साधा गाळणी-यूव्हीचा फिल्टर पुरतो. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर तपासून घ्या. आरओ लागतच असेल तर एका लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर जातं, त्याची नळी बादलीत सोडा. फरशी, संडास, गाडी धुणं याला ते पाणी चालतं. रोज कुंडीला मात्र घालू नका, माती खारवते.

कागदी कप, बांबूचा ब्रश, 'विघटनशील' पिशव्या चांगल्या ना?

कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. बांबूच्या ब्रशचे केस बहुधा नायलॉनचे असतात, खतात टाकण्यापूर्वी ते पकडीनं उपटा. 'विघटनशील' लिहिलेल्या बऱ्याच पिशव्या कारखान्यातल्या पन्नास-साठ अंश उष्णतेच्या खतप्रकल्पातच कुजतात, गॅलरीतल्या बादलीत वर्षभर तशाच राहतात. टपरीवर काचेचा ग्लास मागा.

बारसं, वाढदिवस, पूजा असली की पत्रावळ्या आल्याच. मग?

पळसाच्या पानांच्या, टाचलेल्या, वर चकचकीत प्लॅस्टिकचा कागद नसलेल्या पत्रावळ्या घ्या. घेताना उलटून आणि नखानं खरवडून बघा. कोकणात, गोव्यात केळीचं पान आणि पोफळीच्या झावळीच्या रुंद बुडाची ताटली सहज मिळते.

आम्ही सोसायटीत आणखी एक केलं. प्रत्येक घरानं वर्गणी काढून साठ ताटं, एकशेवीस वाट्या, साठ पेले, चमचे घेतले. एका पेटीत ठेवले आहेत, वहीत नोंद करून न्यायचे, धुऊन परत करायचे. धुणाऱ्या बाईंचे पैसे घेणाऱ्यानं वेगळे द्यायचे, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवला.

संक्रांतीच्या वाणाला काय लुटायचं?

ज्याचा घरात खरोखर उपयोग होईल ते. आम्ही एका वर्षी तुळशीची रोपं दिली, एका वर्षी अर्धा किलो सेंद्रिय गूळ, एकदा साडीच्या पिशव्या. प्लॅस्टिकच्या लहान डब्या आणि चाळण्या प्रत्येकीकडे आधीच ढिगानं आहेत.

शाडूचा गणपती आणला की झालं ना?

बरंच झालं. पीओपी पाण्यात विरघळत नाही, शाडू विरघळतो. पण शाडू हीसुद्धा जमिनीतून खणून काढलेली माती आहे, दरवर्षी नवी खणावी लागते. म्हणून विसर्जन घरी बादलीत करा. माती तळाशी बसली की वरचं पाणी झाडांना आणि माती वाळवून परत द्या. पुण्यात अशी माती गोळा करून मूर्तिकारांकडे पोचवणाऱ्या मोहिमा चालतात. निर्माल्य खतात, दोरा आणि चमकी काढून.

घरातले बाकीचे ऐकत नाहीत.

सांगू नका, सोय करा. ओला आणि सुका अशा दोन बादल्या शेजारी ठेवल्या की आपोआप वेगळं पडतं. एक सिंकखाली आणि दुसरी गॅलरीत असेल तर कधीच पडणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांना विचारा. माझ्या सासूबाईंनी गोधडी शिवायला घेतली तेव्हा कपाटातले माझे नऊ जुने ड्रेस कामी आले. धावदोरा घालताना त्या प्रत्येक तुकडा कुठल्या वर्षाचा ते सांगत होत्या.

सुका कचरा वेगळा केला तरी गाडीत सगळं एकत्रच जातं. मग कशाला करायचं?

असं होतं हे मी नाकारत नाही, आणि राग येतो. पण पुण्यात कितीतरी भागांत गाडीच्या आधी 'स्वच्छ'च्या ताई-दादा दारात येतात. सुक्या कचऱ्यातला कागद, प्लॅस्टिक, पत्रा विकून त्यांच्या कमाईत भर पडते. आमटी सांडलेला कागद कुणी घेत नाही, कोरडा असेल तर पैसे मिळतात. म्हणून सुकं खरोखर सुकंच द्या, बाहेरच्या जेवणाचे डबे खळबळून द्या. बॅटऱ्या, ट्यूब, जुने चार्जर वेगळ्या खोक्यात साठवा आणि ई-कचरा संकलनाच्या दिवशी द्या. ब्लेड आणि सुया जुन्या पत्र्याच्या डब्यात बंद करा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा आणि बादलीत न टाकता त्यांच्या हातात, सांगून द्या.